वायला वाफा

पुसेगावात युसूफला सगळे डॉक्टर म्हणत. त्याच्या बापाचा धंदा गाद्या भरायचा, आज्याचाही तोच. युसूफनं मात्र बसस्टँडजवळ खत-औषधाचं दुकान टाकलं आणि सव्वीस वर्षं तिथल्या खुर्चीत बसून पंचवीस गावांच्या पिकांचे आजार बरे केले. शेतकरी पिशवीतून रोगट पान आणायचा. युसूफ ते उजेडात धरायचा, उलटं करायचा, नाकाजवळ न्यायचा. वास घ्यायचं काही कारण नसे, पण गिऱ्हाईकाला बरं वाटायचं. मग तो म्हणायचा, "तुडतुडे हायत. उद्या सकाळीच मारा," आणि मागच्या फळीवरून बाटली काढायचा. निदान बहुतेक वेळा बराबर निघायचं. या सव्वीस वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं एक बी सुद्धा जमिनीत टाकलं नव्हतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही. बाळंतपण करणारा डॉक्टर तरी स्वतः कुठं बाळंत झालेला असतो?

त्याची बायको जैनबबी. एकुलती एक पोरगी महेजबीन हिंगोलीला दिलेली, तिला दोन वर्षांचं लेकरू. घरात आता दोघंच. एरवी दोघं आपल्या दखनी उर्दूत बोलायची, पण भांडण लागलं की जैनबबी मराठीवर यायची. भिंतीपलीकडच्या बेबीबाईला सगळं नीट कळावं आणि तिनं योग्य बाजू घ्यावी, एवढाच त्यात हेतू.

भाद्रपदात एकदा युसूफ माल आणायला हिंगोलीला गेला होता. मागं तातेराव घरी येऊन वांग्यांची पिशवी ठेवून गेला. तातेराव म्हणजे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. नऊ एकर हळद, तेवढंच सोयाबीन आणि बाजारासाठी अर्धा एकर वांगी. वांगी कशी, तर तेल लावून पुसल्यासारखी, एकावर डाग नाही. जैनबबीनं तीळ, शेंगदाणे, चिंच घालून बघारे बैंगन केले. युसूफनं दोन खाल्ले, तिसरं मोडलं आणि कौतुकानं विचारलं, "कुठून आणले?"

"तातेरावनं दिले. सकाळीच तोडलेले."

युसूफचा घास तोंडातच थांबला. तो उठला, मोरीत गेला, खळखळून चुळा भरल्या आणि परत येऊन ताट बाजूला सारलं.

"काय झालं? मीठ जास्त पडलं?"

"परवाच बाटली नेली त्यानं. लाल त्रिकोणवाली."

लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष. जैनबबीला त्रिकोण कळला नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. तिचेही दोन खाऊन झाले होते. ती ओरडलीच, आणि अर्थातच मराठीत. "मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"मला काय ठाऊक त्याची हायत म्हणून!"

"त्याची नसती तर चाललं असतं?"

युसूफनं विचार केला आणि तिथंच त्याचं जेवण कायमचं बिघडलं. कारण दुसऱ्या दिवशी जैनबबीनं पत्ताकोबी आणली, ती सवना गावच्या एका गिऱ्हाईकाची निघाली. त्या गिऱ्हाईकानं सोमवारी काय नेलं ते युसूफला पाठ होतं. टमाटे आणले, ते मोहनसिंगच्या शेतातले. मोहनसिंग तर दोन औषधं एकत्र करून मारायचा, तेही युसूफच्याच सल्ल्यानं. गवार, भेंडी, मेथी, जे ताटात येईल त्याचा इतिहास युसूफला तारखेनिशी माहीत. अख्ख्या बाजारात एक जुडी अशी नव्हती की जिच्याकडं त्याला अनोळखी नजरेनं बघता येईल.

मग दहा दिवस दाळ, अंडी, मटन, पुन्हा दाळ. आठव्या दिवशी युसूफचं पोट बंद पडलं. दोन दिवस त्यानं इसबगोल घेतलं, गरम पाणी प्यालं, पहाटे उठून अंगणात येरझारा घातल्या. काही उपयोग झाला नाही. दहाव्या दिवशी संडासातून घामाघूम होऊन, रिकाम्या हातानं म्हणावं तसा, तो बाहेर आला तेव्हा जैनबबी दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाजाराची खायाची न्हाई. तुमच्यासाठी भाजी काय आस्मानातून पडणार हाय?"

युसूफ भिंत धरून पायरीवर बसला.

"मागं एवढी जागा पडलीय. डॉक्टर हाव ना? लावा की."

घरामागं जागा होती खरी. त्यात युसूफची स्कूटर, गळके ड्रम, उरलेल्या फरशीचे तुकडे आणि एक मोडकी बाज असा संसार होता. युसूफनं तो एका कडेला ढकलला आणि दोन बाजा मावतील एवढी जमीन मोकळी केली. "बघ आता," तो म्हणाला. "पंचवीस गावं माझ्या शब्दावर चालतात."

अडचण अशी झाली की पंचवीस गावांना तो जे सांगायचा ते एकरी सांगायचा. एकरी बियाणं किती, एकरी खत किती, सगळं तोंडपाठ. दोन बाजांना किती, हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यानं अंदाजानं भागाकार केला. दुकानातली उत्तमातली उत्तम रोपं आणली, अंदाजानं खत टाकलं आणि आपल्याच घरात हात आखडता काहून घ्यायचा म्हणून वर आणखी दोन मुठी टाकल्या. तीन दिवसांत रोपं करपून विडीच्या थोटकांसारखी झाली. मेथी टाकली तिच्यावर त्यानं पाइपानं असं पाणी सोडलं की सगळं बी वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी गोळा झालं. तिथं आठ दिवसांनी हातभर जागेत मेथीचा दाट गुच्छ उगवला. बाकीचा वाफा युसूफच्या टकलासारखा.

बेबीबाई भिंतीवरून बघत होती. "भाबी," ती म्हणाली, "मेथी झ्याक आली. पर मोरीत काहून टाकली?"

जैनबबीनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला कामावरून काढलं.

"उद्यापास्नं ह्या जागंत तुमच्या दुकानाचं काय बी यायचं न्हाई. बाटली न्हाई, पुडी न्हाई, अन् तुमचा सल्ला तर अजिबात न्हाई."

तिनं बेबीबाईकडून शेळीच्या लेंड्यांचं जुनं खत आणलं, चुलीची राख आणली, न्हाणीचं पाणी चर काढून वाफ्यात सोडलं. वांग्याची बारा रोपं लावली, कडेला मिरची, मधे मेथी-कोथिंबीर, न्हाणीच्या भिंतीवर दोडक्याचा वेल. हे सगळं ती बेबीबाईशी गप्पा मारत, कुणाच्या सुनेनं काय केलं ते ऐकत, अधूनमधून करायची. युसूफ दुकानातून आला की लांबून बघायचा. त्याला वाईट एवढंच वाटायचं की सगळं उगवत होतं.

दिवाळी झाली. दोडके लागले, मेथी दोनदा खुडून झाली, युसूफचं पोटही मार्गी लागलं. वांग्यांना पहिली फुलं आली आणि एका सकाळी जैनबबीनं चहा न देताच त्याला मागं नेलं. तीन झाडांचे शेंडे माना टाकून लोंबत होते.

"हे काय हाय?"

युसूफनं पान हातात न घेता, वास न घेताच सांगितलं, "शेंडा पोखरणारी अळी. उद्या फळात जाईल." आणि सवयीनं त्याचा हात मागं फळीकडं गेला. मागं फळी नव्हती, न्हाणीची भिंत होती.

"बाटली न्हाई," जैनबबी म्हणाली.

"मंग वांगी न्हाई."

"तुमाला ती कुठं बसती ते कळतं ना? मंग हातानं काढा."

युसूफ हसला. बाराच झाडं, असं म्हणून खाली बसला. त्यानं एक सुकलेला शेंडा खुडून उभा चिरला, महेजबीन लग्नाआधी भुवया कोरायला वापरायची तो चिमटा आणून आत घातला आणि अळी बाहेर ओढली. सव्वीस वर्षं ही अळी त्यानं कंपनीच्या पोस्टरवर पाहिली होती, रेड्याएवढी, डोळे वटारलेली. प्रत्यक्षात ती तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी होती, फिकट गुलाबी, आणि चिमट्यात वळवळत होती. हिच्या नावावर आपण घराचा स्लॅब टाकला, पोरीचं लग्न केलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला क्षणभर तिच्याबद्दल आदरच वाटला. मग त्यानं तिला साबणाच्या पाण्यात टाकलं.

त्याला नाद लागला. अळ्या सकाळच्या थंडीत सापडतात अशी त्याची समजूत झाली, त्यामुळं तो पहाटे फजरच्या अजानलाच उठायचा. उठलोच आहोत तर म्हणून नमाजला जायचा. मशिदीत सगळे खूश झाले. पेशइमामांनी तर त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "युसूफभाई, उमर झाल्यावर का होईना, अल्लानं दिल फिरवला." युसूफनं मान खाली घातली. दिल वांग्यांनी फिरवला होता, हे सांगायची ती जागा नव्हती.

पहिलं वांगं लागलं तेव्हा त्यानं ते तोडू दिलं नाही. रोज जाऊन बघायचा, खालून बोटानं उचलून वजन घ्यायचा. जैनबबी म्हणाली, "जून होईल ते." तो म्हणाला, "होऊ दे." झालंच. भाजीत त्याचं बी दाताखाली कडकड वाजलं, पण युसूफ देठासकट चोखून उठला आणि शेजारी ऐकू जाईल असा ढेकर दिला.

एका सकाळी तो असाच उकिडवा बसून चिमट्यानं काम करत असताना आवाज आला, "डॉक्टर, काय करून राहिले?"

तातेराव होता. त्याला फवारा मारायला लवकर निघायचं होतं आणि दुकान उघडायच्या आधी बाटली हवी होती म्हणून तो घरी आला होता. पुढचं दार वाजवून कुणी आलं नाही तसा मागं आला. त्याच्या समोर पंचवीस गावांचा डॉक्टर लुंगीवर, हातात बायकी चिमटा, पुढ्यात अळ्यांची वाटी.

"नमुना," युसूफ म्हणाला. "कंपनीला पाठवायचाय."

तातेरावनं वाटीत वाकून बघितलं. "एवढ्या?"

"मोठी कंपनी हाय."

तातेराव बाटली घेऊन गेला. दोन दिवसांनी तो पुन्हा त्याच वेळेला आला आणि बाटली न मागता भिंतीआडून बघून गेला. त्यानंतर गावात जे व्हायचं ते झालं. डॉक्टर आपल्याला औषध देतो अन् स्वतः चिमट्यानं अळ्या वेचतो. डॉक्टर बाजारची भाजी खात नाही. मग कुणीतरी भर घातली की डॉक्टरकडं बिनऔषधाचा एक गुप्त मंत्र आहे आणि तो त्यासाठीच पहाटे मशिदीत जातो.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. तातेराव आला, गर्दीतून वाट काढली आणि काउंटरवर वांग्यांची पिशवी उपडी केली. निळी, चकचकीत, बिनडागी वांगी. त्यातलं एक त्यानं धोतरानं पुसलं आणि युसूफपुढं धरलं.

"खा."

"कच्चं?"

"टमाट्यावाणी खा. समद्यांसमोर."

 मोहनसिंग हातातलं पंपाचं नोझल खाली ठेवून पुढं सरकला. युसूफनं वांगं हातात घेतलं. खाल्लं असतं तर प्रश्न मिटला असता. एका वांग्यानं माणूस मरत नाही, हेही त्याला माहीत होतं. त्यानं ते तोंडापर्यंत नेलंसुद्धा. पण तोंड उघडेना.

"फवारा कवा मारला?" त्यानं विचारलं.

"काल."

युसूफनं वांगं खाली ठेवलं, मागं वळून फळीवरून तीच बाटली काढली, चष्मा लावला आणि बारीक अक्षरातलं लेबल मोठ्यानं वाचलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "फवारल्यानंतर सात दिवस तोडणी करू नये."

कुणीतरी मागून म्हणालं, "असं लिवलंय व्हय त्याच्यावर?"

"मंग आमाला काहून न्हाई सांगितलं?" तातेरावचा आवाज चढला.

"तुमी विचारलं न्हाई."

"आन् वांगं सात दिस झाडावर ठिवलं तर त्याचा भोपळा व्हत न्हाई का? दोन दिसाला तोडावं लागतंय! हे तुमाला कळत न्हाई?"

ते युसूफला कळत नव्हतं. एका वांग्यावरून आता आता थोडं कळायला लागलं होतं. त्यानं चष्मा काढून बाटलीशेजारी ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "तातेराव, खरं सांगतो. तुमी भाद्रपदात दिली त्या वांग्यापास्नं मी बाजारची भाजी खाल्ली न्हाई. मला वाटलं, मी एकटाच चोर हाय."

 तातेरावच्या मिशा हलल्या आणि तो हसायलाच लागला. मोहनसिंगही हसायला लागला. सगळं दुकान हसायला लागलं.

"काय झालं?"

"आवो डॉक्टर," तातेराव डोळे पुसत म्हणाला, "आमी तरी कुठं खातो ती? आमच्या घरचा वाफा वायला हाय, बाजाराच्या मालापास्नं येगळा. हिरीजवळ. त्याला थेंब न्हाई मारत."

"माझ्या बी घरी वायला हाय," मोहनसिंग म्हणाला.

"समद्यांचाच हाय. तुमच्या बेबीबाईचा बी हाय, शेळ्याच्या गोठ्यामागं."

युसूफ खुर्चीत बसला. अख्ख्या पुसेगावात बाजारची भाजी इमानानं खाणारं एकच घर होतं आणि ते औषध विकणाऱ्याचं. "मंग मला वायल्या वाफ्यातली काहून न्हाई दिली?"

आता तातेरावच ओशाळला. "ती किडकी व्हती. डॉक्टरच्या घरी किडकं वांगं कसं न्यावं?"

पुन्हा हशा झाला. मोहनसिंगनं नोझल उचललं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पर मंग बाजारातलं खातं कोण?"

"हिंगोलीवाले," तातेराव म्हणाला. "टेंपो भरून जातंय रोज."

सगळे पुन्हा हसले. युसूफही हसत होता, आणि हसता हसता थांबला. महेजबीनचं स्वयंपाकघर त्याच्या डोळ्यांपुढं आलं. गॅसशेजारी भाजीची प्लास्टिकची टोपली, तिच्यात निळी, बिनडागी वांगी, आणि नातू टोपलीतला टमाटा उचलून चावतोय. पोरीचं घर मंडईला लागूनच आहे, ताजी भाजी मिळते, असं त्यानंच लग्न जमवताना सगळ्यांना सांगितलं होतं.

त्यानं दुकान दुपारीच बंद केलं. घरी येऊन जैनबबीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं वाफ्यात जाऊन होतं नव्हतं ते तोडलं, मिरच्या, चार वांगी, कोथिंबीर, न्हाणीवरचे दोडके, आणि पिशवी त्याच्या हातात दिली. संध्याकाळच्या एसटीनं तो हिंगोलीला गेला. महेजबीननं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा, ये वांगेमें छेद है."

"हां बेटा," युसूफ म्हणाला. "देखके काट."

त्यानंतर दुकानात एक गोष्ट बदलली. युसूफ जाड मार्करनं प्रत्येक बाटलीवर दिवसांचा आकडा मोठा लिहायला लागला आणि देताना तोंडानं सांगायला लागला. काही गिऱ्हाईकं त्याला कंटाळून दुसऱ्या दुकानात जायला लागली, तिथं कुणी आकडे सांगत नसे. मोहनसिंग ऐकायला लागला, कमी दिवसांची बाटली मागून घ्यायला लागला. तातेराव भाव पडला की सात दिवस थांबायचा आणि भाव चढला की दोन दिवसांत तोडायचा, आणि दोन्ही वेळेला येऊन युसूफला खरं सांगायचा. एकदा युसूफनं त्याला महेजबीनच्या मंडईशेजारच्या घराचा पत्ता सांगितला.  त्या हप्त्यात भाव चढलेला असूनही तातेरावची वांगी झाडावरच जून झाली.

बेबीबाईला जैनबबीनं विचारलंच, "तुमचा वाफा हाय हे मला काहून न्हाई सांगितलं?" बेबीबाई म्हणाली, "मला काय ठाऊक भाबी, तुमाला ठाऊक न्हाई म्हणून?" त्यावर दोघी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दोडक्याचा वेल भिंत ओलांडून गेला तसं बोलणं भाग पडलं.

फाल्गुनात वांगी संपत आली. हिंगोलीला दर आठवड्याला पिशवी जायला हवी म्हणून जैनबबीनं भेंडीसाठी आणखी जागा मागितली. स्कूटर दारापुढं उन्हात आली, ड्रम भंगारात गेले. एका शुक्रवारी युसूफ कुदळ घेऊन खणायला लागला. जमीन दगडासारखी. तासाभरात तळहाताला फोड आले आणि जागा हातभरसुद्धा उकरली गेली नाही. जैनबबी चहा घेऊन आली, बघितलं, कप ठेवून गेली.

तातेराव मोटारसायकलवरून शेताकडं निघाला होता. तो थांबला, गाडी लावली, आत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अशी न्हाई, डॉक्टर. कंबर मोडंल."

त्यानं कुदळ काढून घेतली, पाय फाकवले, आणि कुदळीच्या वजनानंच कुदळ पडू देत एक ओळ खणून काढली. मग दुसरी. मग घाम पुसला आणि कुदळ परत दिली.

"घ्या. आता तुमी."